दोघांनी पाहिलेला दात

पनवेलच्या आसपास जीवाश्म मिळत नाहीत. जिकडे खणावे तिकडे काळा पाषाण लागतो. थंड झालेल्या लाव्हाचा हा खडक. त्यात जीवाची खूण टिकून राहण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. अशा गावातल्या महाविद्यालयात मी निवृत्त होईपर्यंत भूशास्त्र शिकवले, आणि अभ्यासक्रमात होते म्हणून जीवाश्मही शिकवले. कपाटात प्लॅस्टरच्या प्रतिकृती होत्या. त्या दरवर्षी बाहेर काढायच्या, मुलांच्या हाती द्यायच्या, पुसून परत ठेवायच्या. एका मुलाने एकदा विचारले, "सर, तुम्हाला स्वतःला खरं काही सापडलंय का?" मी त्याला वर्गाबाहेर काढले नाही, इतकेच.

निवृत्तीच्या दिवशीही त्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच होते. शाल, श्रीफळ आणि ते उत्तर घेऊन मी घरी आलो.

माझा एक मित्र होता. आम्ही पदव्युत्तर वर्गात एका बाकावर बसत होतो. तो पुढे दुसऱ्या शहरात विद्यापीठात गेला, मोठा झाला. मी पनवेलला राहिलो. गुजरातमधल्या एका लिग्नाइटच्या खाणीत कोळशाच्या थरांमध्ये जी चिकणमाती असते, तिच्यात सस्तन प्राण्यांचे अगदी लहान दात सापडू लागले, तेव्हा त्याचा फोन आला. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीची माती. तिच्यात वटवाघळे होती, साप होते, मासे होते आणि माकडांच्या कुळातले आद्य प्राणीही होते. माकड म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येते ते येथे आणू नये. हे प्राणी उंदराएवढे, फार तर खारीएवढे. त्यांचे दात मोहरीच्या दाण्याजवळ ठेवले तर मोहरी मोठी दिसावी.

"माती पोत्यांनी पडली आहे," मित्र म्हणाला, "आणि धुवायला माणसं नाहीत. पोरं दोन दिवस बसतात आणि कंटाळतात. तुझ्यासारखा खडूस माणूस पाहिजे."

"पाठव," मी म्हणालो.

पोती ट्रान्सपोर्टने येत. आम्ही नवीन पनवेलमध्ये वरच्या मजल्यावर राहत होतो आणि गच्ची आमच्या डोक्यावरच होती. माती तेथे उन्हात कडकडीत वाळवायची. वाळल्यावर ती रॉकेलमध्ये भिजवायची, रॉकेल निथळून काढायचे आणि मग पाणी घालायचे. जी ढेकळे हाताने फुटत नाहीत ती पाण्यात आपोआप विरघळतात. तो गढूळ रस बारीक तारेच्या चाळणीतून सोडायचा. चाळणीवर जो गाळ उरतो तो वाळवायचा आणि मायक्रोस्कोपखाली चिमूटचिमूट पसरून निवडायचा. पोतेभर मातीतून वाटीभर गाळ उरतो. वाटीभर गाळात बहुधा काही नसते.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी रॉकेलच्या वासाबद्दल चिठ्ठी पाठवली. मी उत्तर दिले नाही. पावसाळ्यापूर्वी गच्चीची पन्हाळी स्वतः साफ केली. त्यांना तेवढे पुरले.

उरणहून मासे घेऊन येणाऱ्या एक बाई आमच्या जिन्याने वरपर्यंत चढत. पत्नी एकदा गच्चीवर वाळवण पाहत होती, तेव्हा त्या तेथेच आल्या. टोपली खाली ठेवून त्यांनी मातीकडे पाहिले.

"काका, चूल घालताय काय?"

"नाही. यात माशांचे दात आहेत."

"दात हायत? आनि मासा कुठं गेला?"

"मेला. पाच कोटी वर्षं झाली."

"मंग लई शिळा हाय," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा माझे बोंबील घ्या. सकालचे हायत."

पत्नी हसली. आम्ही बोंबील घेतले.

निवडण्याच्या कामात एक गोष्ट महत्त्वाची असते. दात चिमट्याने उचलता येत नाही. चिमटा त्याचा चुरा करतो किंवा तो उडवतो. त्यासाठी अगदी बारीक केसांचा ब्रश लागतो. ब्रशाचे टोक किंचित ओले करायचे, दाताला टेकवायचे. ओलाव्याने दात टोकाला चिकटतो. तो उचलून काळ्या तळाच्या छोट्या डबीत ठेवायचा. आता हे टोक ओले कसे करायचे, यावर जगभरच्या निवडणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक पंथ पाण्याची वाटी जवळ ठेवतो. दुसरा ब्रश ओठांतून ओढतो. ओठांतून ओढलेल्या ब्रशाला टोक चांगले येते हे मान्य आहे. तरीही माझ्या प्रयोगशाळेत ते चालत नसे. ब्रश तोंडात घातलेला दिसला की मी पट्टी आपटत असे, आणि ती नेहमीच बाकावर आपटत असे असे नाही. मित्र दुसऱ्या पंथाचा होता. विद्यार्थी असल्यापासून तो ब्रश चघळत असे आणि मी त्याला बोलत असे. "तुझी बायको तुला वाटीतून भरवत असेल," असे तो मला म्हणत असे.

बरेच महिने मला माशांचे दात मिळाले, सापाच्या मणक्यांचे तुकडे मिळाले, वटवाघळाच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. ते सगळे मी डब्यांत घालून मित्राकडे पाठवीत होतो. तो पोच देत असे.

मग एका सकाळी तो दात आला.

रंगाने काळपट तपकिरी, कोळशात राहिलेल्या दाताचा असतो तसा. खालच्या जबड्यातली दाढ. कीटक खाणाऱ्या प्राण्यांच्या दाढेवर उंच, टोकदार सुळके असतात. याची टोके बुटकी, गोलसर होती, आणि मागची बाजू रुंद व खोलगट, फळाचा गर दाबायला केलेल्या उखळासारखी. अशी दाढ मी आकृत्यांत पाहिली होती आणि फळ्यावर खडूने कितीतरी वेळा काढली होती. मी मायक्रोस्कोपपासून उठलो, हात धुतले, पुन्हा बसलो. दाढ तीच होती. पत्नी पोळ्या करत होती. तिला मी बोलावले. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले.

"कणीएवढं आहे आणि त्याच्यावर डोंगर आहेत," ती म्हणाली.

मी पेन्सिलीने चित्र काढले. चित्र हा पुरावा नव्हे. खरे छायाचित्र काढायला लागणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मित्राच्या विद्यापीठात होता, आणि ओळख पटवण्याचा अधिकारही त्याचाच होता. असा दात पोस्टात टाकायचा नसतो. मी फोन केला. तो पुढच्याच आठवड्यात स्वतः आला.

दुपारची वेळ होती. त्याने बॅग दारातच टाकली आणि चपला न काढता मायक्रोस्कोपशी बसला. मी त्याच्यामागे उभा होतो. त्याने दोनदा फोकस फिरवला. मग म्हणाला, "अरे लेका."

"काय?"

"काय म्हणजे काय? तुला दिसत नाही? माकडाच्या कुळातला आहे. खालची, उजवी, दुसरी दाढ. याची मागची कड बघ. गाढवा, हे तू पनवेलच्या गच्चीवर बसून काढलंस?"

आयुष्यात मला मिळालेले हे एकमेव प्रमाणपत्र. ते तोंडी होते.

त्याला दाढेची बाजू पाहायची होती. ती वळवण्यासाठी त्याने माझा ब्रश घेतला, वाटीत बुडवला आणि दाढ टोकाला चिकटवून उचलली. त्याच क्षणी वीज गेली. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन होते. वेळापत्रक दारामागे लावलेले होते आणि त्याप्रमाणे ती वेळ नव्हती. मायक्रोस्कोपचा दिवा विझला. त्याने मान वर केली. पत्नी चहाचा ट्रे घेऊन दारातून येत होती. "आली का तुमची एम.एस.ई.बी. पाहुण्यांच्या स्वागताला?" असे काहीसे तो तिला म्हणाला आणि बोलता बोलता हातातला ब्रश, चाळीस वर्षांच्या सवयीने, ओठांतून ओढला. मग कप उचलून चहा घेतला.

पत्नी जागच्या जागी थांबली. "भाऊजी," ती म्हणाली, "तो ब्रश..."

त्याने ब्रशाकडे पाहिले. मी ट्रेकडे पाहिले. खिडकीतून पुरेसा उजेड येत होता. आम्ही ट्रे तपासला, टेबल तपासले, त्याच्या सदऱ्याच्या घड्या, फरशी, कपाचा तळ, बशी. त्याने तोंड धुऊन पाणी वाटीत थुंकले. ते पाणी मी चाळणीतून गाळले. वीज आल्यावर सगळे पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतले. पोळीचा कण सापडला आणि चहाची पत्ती सापडली.

"जिभेला काहीतरी लागल्यासारखं वाटलं होतं," तो शेवटी म्हणाला. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता. साडेपाच कोटी वर्षे कोळशाखाली टिकलेली ती दाढ एका घोटाबरोबर गेली.

त्या वर्षी एका मोठ्या पदासाठी त्याचे नाव विचारात होते. जाताना त्याने माझा हात धरला. "हे बाहेर गेलं तर माझं हसं होईल. नमुने गिळणारा प्राध्यापक म्हणून ओळखतील मला. तू कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"वहिनी, तुम्हीही."

"मी कुणाला सांगणार?" पत्नी म्हणाली. "मला कोण विचारतंय?"

काही महिन्यांनी त्याच्या गटाचा अहवाल आला. त्यात सगळ्या नमुन्यांची नोंद होती. पनवेलला धुतलेल्या मातीसमोर लिहिले होते: मासे, साप, वटवाघूळ. सस्तन प्राण्यांचे इतर ओळखण्याजोगे अवशेष नाहीत. त्याने चुकीचे लिहिले असे मला म्हणता येत नाही. जो नमुना हाती नाही तो नाही. मी त्याच्या जागी असतो तर तेच लिहिले असते. फक्त लिहिण्यापूर्वी फोन केला असता.

त्यानंतर पोती येणे थांबले. धुण्याची सोय आता विद्यापीठातच झाली आहे, असे त्याने कळवले. गच्ची रिकामी झाली. त्या खाणीतून इतरांनी पुढे तशा दाढा काढल्या, जबडे काढले, हातापायांची हाडेसुद्धा काढली. ती सगळी नीट छापून आली. छायाचित्रांतल्या एका दाढेची मागची कड माझ्या दाढेसारखी होती. मासिक मी कपाटात ठेवून दिले. खाणीतला कोळसा निघत राहिला आणि जळत राहिला.

मी शब्द पाळला. एखादा माजी विद्यार्थी भेटे, विचारी, "सर, त्या गुजरातच्या मातीत काही मिळालं का?" मी म्हणे, "मासे."

अशी वर्षे गेली. सुकापूरकडे इमारती उभ्या राहिल्या, भारनियमन संपले, सोसायटीने गच्चीवर पत्रे घातले. मग गावातल्या एका व्याख्यानमालेत मित्राचे भाषण ठरले. विषय होता आपल्या आद्य पूर्वजांचा. ते मोठे पद त्याने केव्हाच भूषवून संपवले होते. आयोजकांनी मला पहिल्या रांगेत बसवले, शेजारी पत्नीला. सभागृह भरलेले होते. माझ्या हाताखालून गेलेले बरेच चेहरे त्यात होते, बहुतेकांचे केस पिकू लागलेले.

तो चांगला बोलतो, हे मान्य केले पाहिजे. चिमुकल्या प्राण्यांनी झाडावर कशी पकड मिळवली, हे त्याने बोटे दाखवून सांगितले. लोक रंगले. मग तो थांबला, त्याने पाण्याचा घोट घेतला आणि माझ्याकडे हात केला.

"या पनवेलमध्येही एक पूर्वज आला होता बरं का. हे आमचे मित्र समोर बसलेत. गच्चीवर माती धुवायचे, अंगाला रॉकेलचा वास, सोसायटी वैतागलेली. आणि एक दिवस यांना खरोखर सापडली, माकडाच्या कुळातल्या प्राण्याची दाढ! खालची, उजवी, दुसरी. मी स्वतः पाहिली. उत्तम नमुना. आता ती कुठल्या संग्रहालयात आहे म्हणाल?" त्याने ब्रश ओठांतून ओढल्याचा अभिनय केला. मग माझ्या पोटाकडे बोट दाखवले. "इथे! वीज गेली, यांनी सवयीने ब्रश तोंडात घातला आणि वर चहा प्यायले. मित्रहो, पूर्वजांना घास ठेवणारे पुष्कळ असतात. पूर्वजाचाच घास घेणारा हा एकच!"

सभागृह हसले. माझ्यामागे कोणी टाळ्याही वाजवल्या. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी समोर पाहत होतो.

मी हिशेब करत होतो. अहवालात जी दाढ नव्हती ती आता होती. उत्तम नमुना, मी स्वतः पाहिली, असे तो भरसभेत म्हणाला होता. त्यासाठी त्याने तिच्याभोवती एक खोटे गुंडाळले होते. खोटे काढायला गेलो तर आत काय उरेल, हा प्रश्न होता.

आभारप्रदर्शन झाल्यावर तो खाली आला. "रागावला नाहीस ना? लोकांना थोडं हसवायला लागतं रे. मी गिळली म्हणालो असतो तर उद्याच्या पेपरात आलं असतं. तुझं काय, इथले सगळे तुझे घरचेच लोक."

"दाढ कुणाची होती म्हणालास?"

"माकडाच्या कुळातली. तुला माहीतच आहे."

"लिहून देतोस?"

तो हसला. "काय लिहून देऊ? गिळलेल्या दाढेचं सर्टिफिकेट?"

इतक्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी जवळ आली. आता ती स्वतः विचुंब्याजवळच्या एका शाळेत शिकवते. वर्गात ती माझ्याशी वाद घालणाऱ्या मोजक्या मुलांपैकी होती. तिने त्याला नमस्कार केला नाही. सरळ माझ्याकडे वळली.

"सर, हे खरं नाही. ब्रश तोंडात घातला म्हणून तुम्ही माझ्या बोटांवर पट्टी मारली होती. अजून आठवते. तुम्ही ब्रश तोंडात घालालच कसा?"

तिचा आवाज लहान नव्हता. दोनचार जण थांबले. मित्राने हातातला पुष्पगुच्छ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्याचा चेहरा पुन्हा तसाच मेणासारखा झाला, त्या दुपारी झाला होता तसा. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरेसे होते. सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता. पट्टीचे वळ असलेले साक्षीदार त्या सभागृहात डझनाने होते.

पण ती दाढ पाहिलेली माणसे दोनच होती. त्यांपैकी एक खोटे बोलतो असे सिद्ध झाले, की त्याने दाढ पाहिली हेही खोटे ठरते. मग उरतो एक निवृत्त मास्तर आणि त्याचे पेन्सिलीचे चित्र. खरे बोललो तर मी निर्दोष ठरणार होतो आणि दाढ कधीच नव्हती असे होणार होते.

"म्हातारपणी चुकतो माणूस," मी तिला म्हणालो. "ब्रश तोंडात गेला. पण दाढ होती. खालची, उजवी, दुसरी. तेवढं लक्षात ठेव."

"ठीक आहे, सर," ती म्हणाली. वर्गात माझे उत्तर पटले नाही की ती असेच म्हणत असे.

ती गेल्यावर मित्र हळूच म्हणाला, "उपकार झाले तुझे."

"तुझ्यावर नाही केले," मी म्हणालो. त्यानंतर आमचे बोलणे झालेले नाही.

रिक्षा पुलावर आली तेव्हा पत्नी म्हणाली, "काय मिळालं?"

मी तिला वर लिहिले तेच सांगितले. पाहणारे दोघेच; एकाची साक्ष गेली तर दुसऱ्याचीही जाते. मुद्देसूद सांगितले.

"दोघेच?" ती म्हणाली. "मला बोलावून दाखवलीत ती काय होती? पोळी करपली होती माझी."

"तुझी साक्ष चालत नाही."

"का?"

"तुला दातांचं शास्त्र येत नाही."

"येत नाही," ती म्हणाली. "पण ब्रश कुणाच्या तोंडात होता ते बघायला शास्त्र लागतं का? मी दारात उभी होते. आज त्या मुलीनं विचारलं तेव्हाही मी तुमच्या शेजारीच उभी होते. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलं असतंत तर मी बोलले असते."

रिक्षावाल्याने कुठल्या सेक्टरला म्हणून विचारले. उत्तर तिनेच दिले.